गोळी जरा मोठी दिसत होती

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही, लेण्याद्रीच्या गणपतीला नाही – आणि त्याच्याशी तर मी इतकी बोलत बसायचे, की मागच्या बायका "आवरा आता" म्हणून ढोसायच्या. नातवंडांना मी माझ्या सगळ्या लबाड्या सांगते. मामाच्या खळ्यावरून शेंगा कशा पळवल्या, सासूबाईंच्या मिश्रीच्या डबीत चहाची पूड कशी भरली. पोरं खिदळतात, "आजी लई वांड व्हती" म्हणतात. ही एक तेवढी मी बाजूला ठेवते. ही ऐकून कुणी खिदळणार नाही.

तुम्हालाच का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. शूरपणा तेवढाच.

आमचं गाव डिंगोरे. घराला लागून पिठाची गिरणी. आमच्या ह्यांना लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेला होता, त्यानं काळजाची झडप खराब झालेली. ती पुण्याला बदलली – नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. नवी झडप धातूची. हे शांत बसले की छातीतून घड्याळासारखी टिकटिक ऐकू यायची. त्या झडपेवर रक्ताची गाठ धरू नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी जन्माची लागली. दिवसाला एक.

वर्षभरानं ह्यांना गिरणीतच फिट आली. बाजरीचा डबा हातात, आणि हे पट्ट्याच्या बाजूला कोसळले. पट्ट्यानं सदऱ्याची बाही ओढून नेली, हात राहिला. डॉक्टर म्हणाले, बारीकशी गाठ मेंदूकडे गेली असेल. फिटची गोळी सुरू झाली. मग रक्त तपासता तपासता महिन्या-दीड महिन्यात पातळ करायच्या एका गोळीच्या दोन झाल्या. डॉक्टरांनी कारण सांगितलं असणार. मी मान डोलावली असणार. ऐकलं मात्र नाही – कारण मला वाटायचं, मला सगळं कळतं.

त्या वेळची मी कशी होते ते सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. सातवी पास. गावातल्या बायकांच्या गोळ्या रंगावरून ओळखणारी. मसाल्याचा एक जुना डबा होता, सात वाट्यांचा. मी एकेका वाटीत एकेका वाराच्या गोळ्या काढून ठेवायचे. रिकामी पाकिटं चुलीत. सोमवारची वाटी मधली, मंगळवारची तिच्या उजवीकडे... दळणाला आलेल्या बायकांना तो डबा मी उघडून दाखवायचे, दागिन्याचा डबा दाखवावा तसा. जुन्नरच्या पेठेत आम्ही ज्यांच्याकडून औषध घ्यायचो ते कांतिशेठसुद्धा म्हणायचे, "वहिनी, तुमच्यासारखं गिऱ्हाईक असलं की मला काळजी नाही." हे वाक्य मी गावभर सांगितलं होतं. आता लिहिताना कान तापतात.

आणि दुसरं – नवस. ह्यांची फिट जावी म्हणून मी दर संकष्टीला लेण्याद्रीच्या तीनशे पायऱ्या अनवाणी चढायचे. दोन वर्षं फिट आली नाही. झालं! मी गिरणीत बसून सांगायला लागले, गणपतीनं बरं केलं. बायका ऐकायच्या. कुणाला मूल नाही, कुणाचा नवरा पितो – मला विचारायच्या, किती संकष्ट्या केल्या, प्रसाद काय ठेवला. मी असं गंभीर तोंड करून सांगायचे, की जणू काही देव मला पोस्टकार्ड टाकतो.

एक दिवस ठकूबाई, आमची शेजारीण, पीठ पोत्यात भरता भरता म्हणाली, "गणपतीनं बरं केलं म्हनतीस, मंग मालकाला गोळी कशापायी चारतीस आजून? त्येचा इस्वास नाय व्हय तुझा?"

सगळ्या हसल्या. ठकूबाईही हसली, वाईट मनानं नव्हे. मीही हसले.

पुढच्या सोमवारी डबा भरताना मी सातही वाट्यांत फिटची गोळी घातली नाही.

तिच्या जागी कॅल्शियमची घातली. गुडघ्यांसाठी उपकेंद्राच्या सिस्टरनं मला दिलेली. तशीच पांढरी, तशीच गोल. ह्यांना वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी काय – मी तळहातावर ठेवायचे, हे न बघता तोंडात टाकायचे. नंतर मी मनाला सांगितलं, त्या गोळीनं हे फार सुस्तावायचे, डोळे जड व्हायचे, म्हणून केलं. खोटं. सुस्ती मला नंतर आठवली. आधी ठकूबाईचं हसू आठवत होतं. महिनाभर फिट आली नाही की मी गिरणीत उभी राहून सांगणार होते – बघा, गोळीही नाही. एवढ्यासाठी.

पण मी इतकीही बिनधास्त नव्हते हो. त्या दिवसापासून माझा डोळा पट्ट्यावरून हलेना. हे गिरणी चालू करायला उठले की मीही उठायचे. भाकरी तव्यावर सोडून जायचे. "आज काय मागं-मागं करतीस?" हे विचारायचे. मी म्हणायचे, आवडता म्हणून. हे लाजायचे! बावन्न वर्षांचा माणूस, पिठानं पांढरा, लाजायचा. आणि मी मनात दिवस मोजत होते. आठ. बारा. सतरा.

तेव्हाच थांबता आलं असतं. डबा उघडून दोन गोळ्यांची अदलाबदल – किती वेळ लागतो? पण प्रत्येक दिवस बिनफिटीचा गेला की मला वाटायचं, जिंकत आले.

विसाव्या दिवसाच्या आसपास ह्यांच्या दंडावर निळा डाग दिसला. म्हटलं, पोतं लागलं असेल. मग दात घासताना थुंकी लाल यायला लागली. म्हटलं, लिंबाच्या काडीनं सोललं. मला गोळ्या कळायच्या ना – रक्त पातळ करायच्या गोळीवर असा डाग दिसला तर लगेच कळवा, हे मला पाठ होतं. पण कळवायचं म्हणजे डॉक्टर सगळ्या गोळ्या विचारणार. रक्ताची पुढची तपासणी पंधरा दिवसांवर होती. तोवर थांबू म्हटलं. फिट येते का एवढंच मी बघत होते. दुसरीकडून काही येईल हे माझ्या हिशोबात नव्हतं.

तीन वेळा डबा भरून संपला होता, चौथ्या खेपेच्या दोन वाट्या रिकाम्या झाल्या होत्या. तेविसावा दिवस. दुपारी ह्यांनी हातातला डबा खाली ठेवला, जांघ धरली आणि म्हणाले, "पाय माझा ऱ्हायला नाय." मला वाटलं फिट. मी धावत पट्टा बंद केला. पण हे शुद्धीत होते. घामानं निथळलेले, पांढरेफटक, आणि डावा गुडघा कापडाचा असावा तसा दुमडत होता.

नारायणगावातून जीपनं पुण्याला नेलं. पोटाच्या आत, मांडीला जिथून शीर जाते तिथं, रक्त वाहून साचलं होतं आणि ती शीर दबली होती. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि कपाळाला हात लावला – पाणी झालंय म्हणाले. इंजेक्शनं, बाटल्या. दोन दिवस कुणी आम्हाला "वाचतील" असं म्हणालं नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेशी आले. धाकटे दीर दत्तूभाऊजी शेजारी उभे. डॉक्टरांनी मला सरळ विचारलं, कुठलं औषध नवीन दिलं का, कुठलं बंद केलं का, फिटची गोळी चालू आहे ना?

मी म्हटलं, "चालू आहे. एक दिवस चुकली नाही."

आणि हे, ओठ सुकलेले, त्या खाटेवरून म्हणाले, "ही चुकू द्येत नाय डॉक्टर."

यानंतर मी काय बोलायला हवं होतं ते मला माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं.

डॉक्टर म्हणाले, मग पातळ करायची गोळी तरी जास्त गेली नाहीतर जास्त ताकदीची गेली. घरात उरलेल्या गोळ्या आणून दाखवा. दत्तूभाऊजी निघाले. मी म्हटलं, मीच जाते, ह्यांचे कपडे आणायचेत. एसटीनं डिंगोऱ्याला आले. मसाल्याचा डबा उचलला, उकिरड्यावर उपडा केला आणि काठीनं गोळ्या शेणात खाली खाली दाबल्या. कॅल्शियमच्या दिसू नयेत म्हणून. त्यांच्याबरोबर रक्त पातळ करायच्याही गेल्या – आणि त्याच तर दाखवायच्या होत्या. डबा घासला, त्यात मोहरी, जिरं, हळद भरली. परत जाऊन सांगितलं, गोळ्या संपल्या होत्या, पाकिटं चुलीत गेली.

त्या क्षणी मला एवढंच वाटत होतं की मी स्वतःला झाकते आहे. दुसऱ्या कुणाला उघडं पाडते आहे हे आठ दिवसांनी कळलं – आणि कळल्यावरही मी पाडलंच.

दत्तूभाऊजी तापट. मला बरोबर घेऊन जुन्नरला कांतिशेठच्या दुकानात गेले. पायरीवरूनच सुरुवात – माणूस मारला असतास, डोळे फुटलेत का, दोन मिलिग्रॅमची गोळी मागितली तर पाचची दिलीस. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं. कांतिशेठ मारवाडचे, पण तीन पिढ्या जुन्नरला. आमच्यापेक्षा त्यांचं मराठी नीट. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पाकिटावर सकाळच्या गोळीला सूर्य आणि रात्रीच्या गोळीला चंद्र काढून द्यायचे. त्यांनी उलट आवाज केला नाही. फळीकडे वळून बघितलं. दोनची आणि पाचची, दोन्ही खोकी एकाच ओळीत होती. ती त्यांनी बराच वेळ बघितली. मग भाऊजींकडे नाही, माझ्याकडे बघून विचारलं, "वहिनी, तुम्ही गोळ्या ओळखता. या खेपेला तुम्हाला काही वेगळं दिसलं होतं का?"

बघा, त्यांनी मला वाट करून दिली होती. "नाही" म्हणायचं होतं. गोळी तेवढीच होती, तोच रंग, तेच पाकीट. हे मला माझ्या हाताच्या बोटांइतकं माहीत होतं.

मी म्हटलं, "गोळी जरा मोठी दिसत होती."

कांतिशेठ खाली बसले. म्हणाले, "तुम्ही म्हणता, मग झालं असेल माझ्याकडून."

हे तीन आठवड्यांनी घरी आले. इस्पितळात फिटची गोळी – मी चालू आहे म्हटलं होतं ना – पुन्हा सुरू झाली होती, खरीखुरी. पातळ करायची गोळी हळूहळू वाढवत वाढवत पहिल्याच मापावर आली. दोन. आणि रक्त बरोबर! तेव्हा सगळे म्हणाले, हा घ्या पुरावा. तेवढ्याच गोळीनं आता काही होत नाही, म्हणजे तेव्हाची गोळीच दुसरी होती. मीसुद्धा हळूहळू मानायला लागले की झालीही असेल त्यांची चूक. स्वतःच्या खोट्यावर स्वतःच विश्वास ठेवणारी बाई मी जवळून बघितली आहे. आरशात.

डावा पाय मात्र आला नाही. मांडी हातानं दाबल्याशिवाय गुडघा टिकेना. गिरणी दत्तूभाऊजींनी घेतली. हे ओट्यावर काठी धरून बसायचे आणि पट्ट्याच्या आवाजावरून सांगायचे, आज पट्टा सैल आहे.

श्रावणात कांतिशेठ आमच्या घरी आले. एकटेच, एसटीनं. ह्यांच्यापुढे हात जोडले आणि उभेच राहिले. ह्यांनी त्यांना हाताला धरून बसवलं. "शेठ, मानसाकडनंच चूक व्हती. मनात ठिवू नका." मी चहा केला. रोजच्या सवयीनं आलं किसून टाकलं. शेठनी पेला तोंडाला लावला, क्षणभर थांबले, मग पूर्ण प्यायले. पेला विसळताना माझ्या लक्षात आलं – त्यांचा चातुर्मास. जमिनीखालचं काही ते खात नाहीत, आलंसुद्धा. त्यांना पहिल्या घोटालाच कळलं होतं. पण आमच्या घरात नको म्हणायचा आपल्याला हक्क नाही, असं त्यांना वाटलं असणार. त्यांच्या देवापुढचा नेम माझ्या घरी, माझ्या खोट्यासाठी मोडला. आणि मी चुलीपुढे पेला धुवत होते.

गावाची जीभ काय सांगू? भाऊजींनी ओतूरपर्यंत सांगितलं. "मोठ्या गोळीचं दुकान" असं नाव पडलं. आमच्या बाजूची माणसं दुसरीकडे जायला लागली. आम्ही मात्र त्यांच्याकडूनच घ्यायचो, कारण ह्यांचा आग्रह. लोक ह्यांना मोठ्या मनाचा म्हणायचे. मलाही म्हणायचे.

मग दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली. दत्तूभाऊजींची सुवर्णा मंचरच्या पुढच्या कॉलेजात औषधांचं शिकत होती. सुट्टीला आली की ओट्यावर बसून मोठमोठ्यानं पाठ करायची. मी शेजारी लसूण सोलत होते. ती म्हणाली, काकू, हे बघ, काकांच्या दोन्ही गोळ्या माझ्या पुस्तकात आहेत.

मी म्हटलं, काय लिहिलंय? आणि पोरीनं समजावलं, आवडीनं. लिव्हरमध्ये एंझाइम असतात, औषध दळून बारीक करणारे. फिटची गोळी काय करते, लिव्हरला सांगते काम वाढलंय. लिव्हर एंझाइम वाढवतं. मग ते फिटचीच नाही, शेजारची गोळीही भराभर दळून टाकतात. "म्हणून काकांना एकाच्या दोन द्याव्या लागल्या. एकीचं पीठच होऊन जायचं."

मी विचारलं, "आणि फिटची गोळी बंद केली तर?"

"एंझाइम लगेच नाय कमी होत, काकू. हळूहळू. दोन-तीन आठवडे लागत्यात. पण एकदा का कमी झाले, की त्या दोन गोळ्या दळायला कुणी नसतं. रक्तात साचत जातात. रक्त वाहायला लागतं. म्हणून तर बंद करताना दर आठवड्याला तपासायचं, डोस उतरवत जायचं."

लसणाची पाकळी हातातच राहिली. दोन-तीन आठवडे. तेविसावा दिवस. मी पट्ट्याकडे डोळे लावून बसले होते, आणि ह्यांच्या पोटात रोज थोडी थोडी माणसं कामावरून उठून जात होती. आणि तो पुरावा? मीच फिटची गोळी परत सुरू करवली, एंझाइम परत वाढले, दोन गोळ्या परत बरोबर बसल्या. पुरावा होताच. माझा होता.

"कुणी मेलं काय ग अशानं?" मी विचारलं. सुवर्णा म्हणाली, मरतात की. आणि पान उलटलं.

आता मला अर्धं खोटं मानायचीही सोय उरली नाही. दुसऱ्या दिवशी मी जुन्नरला गेले. सांगायचं ठरवून गेले होते, वाक्यंसुद्धा ठरवली होती. कांतिशेठ आत खुर्चीवर होते, सून गल्ल्यावर. वाळले होते. स्वतःच्या हातानं गोळ्या द्यायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. मला बघून उठले – नेहमीच उठायचे – आणि पहिलं वाक्य, "पाय कसाय दादांचा?"

मी म्हटलं, बराय. डोकेदुखीचा बाम घेतला आणि घरी आले.

का? ह्यांचा राग येईल म्हणून? हे रागावले नसते, हे मला आजही माहीत आहे. मला भीती होती गिरणीतल्या बायकांची. एवढी वर्षं झाली, अर्ध्या बायका मेल्या होत्या, आणि ही थेरडी अजून ठकूबाई हसेल म्हणून घाबरत होती. साठीला आलेली!

पुढच्या वर्षी कांतिशेठ गेले. ह्यांनी हट्टानं काठी टेकत जुन्नर गाठलं. त्यांच्या घरच्यांना म्हणाले, "त्यांनी मनात ठेवलं. मी न्हवतं ठेवलं, द्येवाशप्पथ." मी बायकांत बसले होते, पदर तोंडावर धरून. रडू खरं होतं. त्याचं कारण मात्र तिथं कुणाला कळलं नाही. दोन वर्षांनी हेही गेले. झडप तोपर्यंत टिकटिक करत होती.

तेव्हा, आता सांगून ज्यांचं मन मोकळं झालं असतं ती दोन्ही माणसं नाहीत. मी थांबले ते कदाचित याचसाठी. असेलच.

परवा माझ्या बीपीच्या गोळ्या आणायला त्याच दुकानात गेले. गल्ल्यावर आता नवी नातसून होती. तिनं पाकीट माझ्यापुढे धरलं, औषधाचं नाव मोठ्यानं वाचलं, किती ताकदीची ते दोनदा वाचलं, मग मला पाकीट हातात घेऊन बघायला लावलं आणि नंतर पिशवीत घातलं. मागं चार माणसं खोळंबली होती. मी म्हटलं, बाई, किती वेळ लावतेस.

ती ओशाळून हसली. "आमच्या आजोबांची शिस्त आहे, आजी. त्यांच्या हातून एकदा चूक झाली होती ना, एका माणसाचा पाय गेला. तेव्हापासून आमच्याकडे असंच."

ती मला ओळखत नव्हती.

मी "हं" म्हटलं, पिशवी घेतली आणि मागच्या माणसाला जागा दिली.